मधला आकडा

"सातशे वीस," सनोबर म्हणाली, आणि नर्सनं कार्डावर सहाशे वीस लिहिलं.

समोरच्याच्या कागदावरचं उलटं अक्षर वाचायची सनोबरला सवय होती. कालव्याच्या कचेरीत नऊ वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, "सातशे वीस, मुकद्दस-ओपा. दिवसभराचं सगळं दूध मिळून." "ऐकलं ग," नर्स मान वर न करताच म्हणाली. "तुम्ही आया सगळ्या वाढवूनच सांगता. मी आपली आधीच शंभर काढून टाकते. म्हणजे खरं काय ते हाती लागतं." "पण मी वाढवलेलं नाही." "सगळ्या हेच म्हणतात," नर्स म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट मायाच होती, आणि त्या मायेनंच तिनं खाली लिहिलं, बाटलीचं दूध सुरू करावं, दिवसातून दोनदा. टेबलावर पाच महिन्यांची ओयदिन उघडीच पडली होती आणि स्वतःचा पाय तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिचं वजन तेवढं नर्सनं स्वतः केलं होतं, सहा किलो तीनशे, आणि ते मात्र जसंच्या तसं लिहिलं होतं.

अंदिजानच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडली तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन डोक्यावर आल्यासारखं होतं. वर्षातले सगळ्यांत तापलेले चाळीस दिवस चालू होते. रस्त्याकडेच्या पाटातून गढूळ पाणी पळत होतं, आणि एक म्हातारी वाकून टोपलीतल्या कोथिंबिरीवर त्यातलंच ओंजळीनं मारत होती. सनोबर भिंतीच्या सावलीनं चालू लागली. राग यायला हवा होता, आला नाही. सहा दिवस तिनं ओयदिनला पाजायच्या आधी तोलली होती आणि पाजून झाल्यावर तोलली होती, तेच लंगोट, तेच फडकं, काही बदलायचं नाही, पोरगी मधेच ओली झाली तरी तशीच काट्यावर ठेवायची. आणि दोन वजनांतला फरक म्हणजे आपलं दूध. दिवसातून आठ वेळा. नव्वद ग्रॅम, एकशे दहा, सत्तर. सत्तर आले की तिला रडू यायचं आणि एकशे दहा आले की वाटायचं, कुणाला तरी हे फोन करून सांगावं. ते सगळे आकडे नर्सच्या एका सवयीनं पुसले गेले होते, आणि तरी टोचत होतं ते वेगळंच काही. 'आधीच काढून टाकते.' हे वाक्य तिनं कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलंच नव्हतं, म्हटलंही होतं. खांद्यावर ओयदिन जड होत झोपत चालली होती, आणि चौकातल्या चिनाराखाली येईपर्यंत सनोबरला आठवलं की ते वाक्य आपण रोज सकाळी आठ वाजता म्हणतो, फक्त तोंडानं म्हणत नाही.

कोकतेरेक कालवा वरून, किर्गिझ बाजूनं येतो आणि सरहद्दीवरच्या दारातून इकडे उतरतो. दाराच्या वर त्यांची मोजपट्टी, दाराच्या खाली आपली. एके काळी दोन्ही बाजूंना एकच सरकार होतं तेव्हा एक माणूस सायकलवरून यायचा, दोन्ही पट्ट्या वाचायचा आणि दुपारी घरी जाऊन झोपायचा. मग मधे कुंपण आलं, आणि एका माणसाच्या जागी दोन कचेऱ्या झाल्या. वरच्या कचेरीनं सांगायचं, एवढं पाणी सोडलं; खालच्या कचेरीनं सांगायचं, एवढं मिळालं; आणि दोन्हींचा मधला आकडा काढून तोच दोन्ही देशांच्या वह्यांत लिहायचा. विषम तारखेला त्यांनी आधी सांगायचं, सम तारखेला आपण, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून आपला आकडा वळवायची सोय कायम एकाच बाजूला राहू नये. दर दहा दिवसांनी बेरीज. ठरल्यापेक्षा खाली कमी पोचलं असेल तर वरच्यांनी आपल्या गावांची दारं बंद करून ते भरून द्यायचं. नऊ वर्षांपूर्वी सनोबर त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली तेव्हा निवृत्त होणाऱ्या मुहब्बत-ओपांनी तिला पियाल्यात हिरवा चहा ओतून देत सांगितलं होतं, "ते चार वाढवतात. आपण चार काढायचे. म्हणजे मधे खरं पाणी उरतं." चार म्हणजे पॉइंट चार, सेकंदाला चारशे लिटर. "आणि नाही काढले तर?" सनोबरनं विचारलं होतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मुहब्बत-ओपा हसल्या होत्या. "तर ते हुशार आणि आपण बावळट. तुझं लग्न व्हायचंय अजून. कळेल."

कळलंही. आणि पलीकडे ओशच्या कचेरीत बसणाऱ्या बुरुल-एजेलाही ते ठाऊक होतं. एजे म्हणजे त्यांच्याकडची ओपा, थोरली ताई. वयानं वीस वर्षांनी मोठी, आवाजानं त्याहून. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. पन्नास किलोमीटर अंतर, पण आधी वर्षानुवर्षं सरहद्द बंद होती, आणि उघडली तेव्हा सनोबरला दिवस गेलेले. रोज सकाळी फोन मात्र वाजायचा. इथे आठ, तिथे नऊ. "तुझ्याआधी एक तास जगून घेते मी," बुरुल-एजे म्हणायची, "म्हणून माझं ऐकत जा." एका नवरोजला, कचेरीत कुणी नव्हतं तेव्हा, ती हळूच म्हणाली होती, "काय ग, तू तुझे चार काढलेस ना? मी माझे घातलेत. चला, पाणी बरोबर आहे." सनोबरला एवढं हसू आलं होतं की चहा नाकात गेला. पुन्हा दोघींनी तो विषय काढला नाही. नवरा-बायकोनं एखादी गोष्ट एकदाच बोलावी आणि मग त्यावर आयुष्यभर संसार करावा, तसं काहीसं ते होतं. दोन खोट्यांच्या मधोमध खरं पाणी वाहत होतं आणि खाली कापूस, वर कांदे, दोन्ही हिरवे राहत होते.

कचेरीच्या फाटकाशी सासू उभी होती, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून, ओयदिनला घरी न्यायला. रिसोलत-ओयींनी आधी पोरीचा गाल हुंगला, मग विचारलं, "काय म्हणाली?" "बाटली द्या म्हणाली." "तू किती सांगितलंस?" "सातशे वीस." "वेडी का काय! आठशे वीस सांगायचं. ती काढतेच. साऱ्या गल्लीला माहीत आहे, ती काढते." "मला का नाही सांगितलंत, ओयी?" "हे काय सांगायची गोष्ट आहे? मिठात हात घालताना कुणी सांगतं, की खारट असतं म्हणून?" आणि त्याच दमात, शेजारची बाई जवळून जाताना पाहून, म्हातारीनं आवाज बदलला, "कुठे हो बाई, काडी आहे नुसती, अंगी लागतच नाही काही." दृष्ट लागू नये म्हणून. सहा किलो तीनशेची पोर शेजारणीला काडी, नर्सला अर्धपोटी, आणि सनोबरला कालच्या रात्रीएवढी जड. प्रत्येकाला वेगळा आकडा, आणि प्रत्येकजण आपापल्या परीनं काढून-घालून खऱ्याशी पोचतो म्हणे. ज्याला ते काढणं-घालणं माहीत नाही, त्याचं काय? जो एक दिवस सरळच सांगतो, त्याचं?

इथे तिच्या छातीत कळ आली. दूध दाटल्याची असेल. ती आत जाऊन खुर्चीवर बसली आणि तिला एप्रिलमधली ती सकाळ आठवली. बाळंतपणाची रजा संपवून ती दोन महिन्यांतच परत आली होती, कारण आणखी राहिली असती तर खुर्ची राहिली नसती. फोन वाजला आणि बुरुल-एजेनं फक्त "आलीस का ग पोरी?" एवढंच विचारलं, तर सनोबरला हुंदका फुटला. झोप नाही, पोरगी सारखी कळवळते, पोट दुखतं तिचं, आणि मी इथे पाणी मोजत बसलेय. बुरुल-एजेनं बडीशेपेचं पाणी सांगितलं, पोरीला पोटावर कसं निजवायचं ते सांगितलं, आपल्या तिन्ही मुलांच्या वेळी काय झालं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आता तुला रोज आकड्यांशी झटायला त्राण कुठून येणार? माझ्याकडून तुला त्रास नाही व्हायचा. समजलं ना?" "समजलं, एजे," सनोबर म्हणाली होती. काय समजलं होतं? माणसं बोलतात तसं ती बोलली असं समजलं होतं. मग नाक पुसून तिनं त्या दिवशीचा आकडा सांगितला होता. चार काढून.

खालच्या पट्टीपाशी होशिम-बुवा असतात. ते साडेसातला फोन करून पाण्याची उंची सांगतात, नुसते सेंटिमीटर. त्या उंचीचं पाणी किती, ते कोष्टकातून बघायचं. सनोबरला कोष्टक पाठ होतं, आणि नऊ वर्षांत ते वजाबाकीसकटच पाठ झालं होतं. होशिम-बुवा एकशे अठरा म्हणाले की तिच्या कानात अकरा पॉइंट सहाच ऐकू यायचं. खरे बारा कुठे लिहिलेच जात नव्हते, ना वहीत, ना मनात. तिनं खण उघडून सेंटिमीटरांची कच्ची वही काढली, शेजारी दोन्ही देशांच्या आकड्यांचं पक्कं रजिस्टर ठेवलं, आणि एप्रिलपासून एकेक दिवस नव्यानं, काही न काढता, कोष्टकात बघू लागली. पहिल्या दिवशी उंचीवरून आलेला आकडा अकरा पॉइंट नऊ. बुरुल-एजेचा अकरा पॉइंट नऊ. दुसऱ्या दिवशी बारा पॉइंट एक. एजेचा बारा पॉइंट एक. योगायोग असेल. पाचवा दिवस. विसावा. मे महिना. पंख्यानं पानं उडत होती म्हणून तिनं रजिस्टरवर नर्सचं कार्ड ठेवलं. जून संपला, जुलै आला, कालची ओळ आली. वरच्या बाजूनं शंभर दिवस कुणीही काहीही वाढवलेलं नव्हतं.

आणि हे तिला दिसलं कसं नाही? आधी दोघींच्या आकड्यांत आठचा फरक असायचा, आता चारचा उरला होता. पाचवीतल्या पोराला जमेल असा हिशेब. तिनं पाहिलंही होतं. साहेबांनी, म्हणजे तुल्किन-अकांनी, मे महिन्यात पाठ थोपटली होती, "यंदा फरक निम्म्यावर आणलास, शाब्बास," आणि तिला वाटलं होतं, मी झोपेशिवायसुद्धा काम नीट करते. एजे थकली असेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नव्हतं, हे खरं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाळणा हलवत राहावं आणि पोरगी केव्हाची झोपली ते कळूच नये, तसे तिनं शंभर दिवस चार काढले होते. कुणीतरी पलीकडून हात पुढे केला होता, रोज सकाळी आठ वाजता, आणि तिनं त्या हातातून रोज पॉइंट दोन काढून घेतले होते.

पॉइंट दोन शंभर दिवस म्हणजे किती, तेही तिनं मांडून पाहिलं. दोन घनमीटरचं एक दार दहा दिवस. तिला उत्तर ओळखीचं वाटलं आणि तिनं पेन्सिल ठेवून दिली. परवाच तर बुरुल-एजेच्या गावाचं दार उघडलं होतं, दहा दिवस बंद राहून. ऐन तापात. "खाली तुम्हाला कमी पोचलं म्हणतात, ते भरून द्यायचंय," एजे म्हणाली होती. "अगबाई, मग तुमचे कांदे?" "कांदे दुसऱ्यांना रडवतात, यंदा म्हटलं स्वतः रडून बघू देत." सनोबर हसली होती. फोन कानाला लावून, दुसऱ्या हातानं बिस्किट चहात बुडवत, ती मोठ्यानं हसली होती. पलीकडे कुणी हसलं होतं का? आता कितीही आठवलं तरी आठवेना. बिस्किट चहात तुटून पडलं होतं तेवढं आठवत होतं. गावात एजेला काय ऐकावं लागलं असेल? आकडे लिहिणारी आपल्याच गावची, आणि दार बंद झालं तेही आपल्याच गावचं.

चार वाजता ती तुल्किन-अकांच्या खोलीत गेली. ते खरबूज कापत होते. एक फाक त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "घे. दुधाला चांगलं." तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, बिया एका कागदावर गोळा करत. "ती वाढवत नाही याला पुरावा?" "शंभर दिवसांच्या उंच्या आहेत, अका. तंतोतंत जुळतात." "म्हणजे पुरावा आपल्याच वहीत." त्यांनी सुरी पुसली. "हे बघ, सनोबर. दोन्हीकडून थोडं थोडं खोटं असतं म्हणून हे गाडं चाललंय. उद्या तू एकटी खरी झालीस आणि परवा तिकडे दुसरी कुणी बसली तर? तिनं पुन्हा चार घातले, तर आपलं पाणी कोण भरून देणार? तुझी ओयदिन?" "मग झालेल्याचं काय?" "सह्या झाल्या. सही झालेलं पाणी समुद्राला मिळालं असं समजायचं." ते हसले, कारण इथून समुद्र कुठल्याच दिशेला नव्हता. मग हसू आवरून हलकेच म्हणाले, "नऊ वर्षं उत्तम काम केलंस. तुला पाळण्यापाशी बसावंसं वाटतंय का? तसं सांग. तुझी रजा अजून दीड वर्ष शिल्लक आहे. या खुर्चीवर बसायला माणसं आहेत." खरबूज गोड होतं. तिनं ते संपवलं, कारण टाकून देणं बरं दिसलं नसतं, आणि पुढे दिवसभर बोटं चिकट राहिली.

संध्याकाळी रिसोलत-ओयींनी अंगणात पाणी शिंपडलं, ओट्यावर गादी घातली, आणि काटा मधोमध आणून ठेवला. "तोल." "आज नको, ओयी." "मग उद्या नर्सला काय सांगशील?" सनोबरनं काटा बाजूला सरकवला. तिनं ओयदिनला तशीच घेतली. पोरगी आधी नेहमीसारखी घाईघाईनं प्याली, मग सावकाश, मग नुसतीच ओठ लावून पडून राहिली, एक हात आईच्या गळ्यावर, मुठीत गळ्यातली साखळी. किती प्याली? पुरेसं. पण 'पुरेसं' असं कुठल्याच कार्डावर लिहिता येत नाही. नवरा असाका गावच्या कारखान्यातून आला, बाटलीच्या दुधाचा डबा पाहून म्हणाला, "हे कशाला?" "मी खरं सांगितलं म्हणून," सनोबर म्हणाली, त्याला काही कळलं नाही, आणि त्यानं डबा फळीवर ठेवून दिला. तिच्या डोक्यात सारखी एकच गोष्ट फिरत होती. उद्या बारा पॉइंट शून्य म्हणायचं. म्हटलं की झालं. एजे ओळखेल. ओळखेल ना? आपण तिचे शंभर दिवस ओळखले नाहीत, मग तिनं आपला एक दिवस का ओळखावा?

सकाळी साडेसातला होशिम-बुवा म्हणाले, "एकशे अठरा. आणि एक बेडूक." ते रोज काहीतरी जोडून सांगतात. तिनं कच्च्या वहीत एकशे अठरा लिहिलं आणि त्याच्या शेजारी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, बारा पॉइंट शून्य. अक्षर जरा मोठंच आलं. मग ती घड्याळाकडे बघत बसली. काचेपलीकडे तुल्किन-अका कुणाशी तरी बोलत होते. आज तारीख विषम, म्हणजे आधी पलीकडचा आकडा. आठला फोन वाजला.

"सनोबर." हाकेत आज पोरी नाही, जान नाही. ओयदिनची चौकशीही नाही. "लिहून घे. बारा पॉइंट चार."

सनोबरची पेन्सिल थांबली. बारा पॉइंट चार. एजेनं आज पुन्हा चार घातले होते. दहा दिवस बंद दारानंतर, कांद्यांनंतर, कुणी काय बोललं असेल त्यानंतर, किंवा कुणी काहीच बोललं नसेल, ती आपली आपणच थकली असेल. काही क्षण सनोबरच्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ उभं राहिलं, की आता फक्त नेहमीसारखं बोलायचं. अकरा पॉइंट सहा. मधला आकडा बारा येईल, बरोबर येईल, पाणी पुन्हा खऱ्यानं वाहू लागेल, खुर्ची राहील, साहेब पाठ थोपटतील, आणि दोघींपैकी कुणालाच कधी काही बोलावं लागणार नाही. जीभ सवयीनं वळलीसुद्धा होती. शंभर दिवस मात्र तिथेच राहिले असते, कालव्यातल्या गाळासारखे.

"बारा पॉइंट शून्य," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "किती म्हणालीस?"

"शून्य. बारा, आणि पुढे शून्य."

"थांब हं पोरी," बुरुल-एजेचा आवाज एकदम बदलला, घाबरल्यासारखा, "थांब, माझ्याकडून वाचण्यात... ऊन डोळ्यावर येतं ग इथे. मी पुन्हा बघते, तू लिहू नकोस."

"नका बघू, एजे. मी लिहिलं. मधला बारा पॉइंट दोन."

"अग पण दोन तुमचे जातायत. तुझ्या साहेबाला दिसेल."

"तीन दिवसांनी दिसेल. बेरजेच्या दिवशी." तिनं काचेकडे पाठ केली. "तुमचे शंभर दिवस झाले, एजे. मला काल दिसले. माझे किती होतील माहीत नाही. तीन तरी होऊ देत."

तारेवरून बारीक खळखळ ऐकू आली. बुरुल-एजे रडते आहे की काय, असं सनोबरला वाटलं. पण तो तिच्याकडे चहा ओतल्याचा आवाज होता. ही बाई काहीतरी मोठं झालं की आधी चहा ओतते, हे तिला नऊ वर्षांनी कळत होतं. मग एक घोट घेतल्याचं ऐकू आलं, आणि मग नेहमीच्या, तासभर आधी जगून घेतलेल्या आवाजात प्रश्न आला, "वजन किती भरलं ग आमच्या ओयदिनचं?"

"सहा किलो तीनशे."

"तीनशे म्हणजे?"

"तीनशेच."

"बरं," बुरुल-एजे म्हणाली, आणि पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचं सनोबरला स्पष्ट ऐकू आलं.